चाकांची गाऱ्हाणी

गणपतीला आलेले चाकरमानी परत फिरले की चिपळुणात माझ्या रॅम्पपुढे रांग लागते. त्यातली निम्मी माणसं एकच वाक्य बोलतात, "गाडी ओढतेय, जरा अलाइनमेंट करून द्या." (अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून बरोबर लावणं.) या वेळी टपालातही तेच आलंय. वायपरचे आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज फक्त चाकं.

*काका, माझी वॅगनआर सात वर्षांची आहे. चार महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केलं. दर वेळी कागदावर सगळे आकडे हिरवे. तरी स्टेअरिंगवरचा हात जरा सैल केला की गाडी डावीकडे जाते. चौथ्यांदा करू का?*
*— एक शिक्षिका, देवरुख*

ताई, चौथ्यांदा नको. तीनदा ताप मोजला म्हणून औषध घेतल्यासारखं होत नाही.

आधी हे ठरवा की डावीकडे गाडी जातेय की रस्ता जातोय. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करतात. चाक समोरून बघितलं तर आत-बाहेर किती कललंय त्याला आम्ही कॅम्बर म्हणतो, आणि बांधकाम खात्याची माणसं रस्त्याच्या त्या ढाळालाही कॅम्बरच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. आपण डाव्या अंगानं चालवतो, तेव्हा कुठलीही धडधाकट गाडी मोकळी सोडली तर हळूहळू डावीकडेच उतरणार. रविवारी शाळेच्या पटांगणावर, सपाट जागी, तिशीच्या वेगात बघा. तिथे सरळ गेली तर गाडीचा काही दोष नाही. तिथेही ओढली तर पुढे वाचा.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. एका बाजूला चार-पाच पौंड कमी असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते. ते ठीक असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून घ्या, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. बदलल्यावर गाडी उजवीकडे ओढायला लागली तर चोर सापडला, तो टायरच आहे. रेडियल टायरच्या आतला तारेचा पट्टा किंचित एका अंगाला बसला असेल तर टायर एका कडेला बारीक, दुसऱ्या कडेला जाड असल्यासारखा वागतो. स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. टायरचंही तसंच. असा टायर मशीनला दिसत नाही. मशीन चाकाचा कोन बघतं, टायरच्या पोटात काय आहे ते नाही.

टायर बदलूनही डावीकडेच ओढत असेल तर आठ-दहा किलोमीटर ब्रेकला फार न लागता चालवा, उतरा, आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळवा न्या. हात लावू नका, फक्त जवळ न्या. डाव्याची धग जास्त लागली तर ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, अडकलाय. आपल्याकडे पावसात गाडी आठ-आठ दिवस उभी राहते, कॅलिपरच्या पिना गंजतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही.

हे तिन्ही निघालं नाही तर तो कागद घेऊन कुठल्याही जाणत्या माणसाकडे जा, आणि रंगाकडे बघू नका. हिरवा म्हणजे आकडा मर्यादेत आहे एवढंच. डावा मर्यादेच्या या टोकाला आणि उजवा त्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवेच दिसतात. कॅम्बर किंवा कास्टर (चाक ज्या आसावर डावी-उजवीकडे वळतं त्याचा पुढे-मागे कल) यांच्यात डाव्या-उजव्याचा फरक अर्ध्या अंशाच्या पुढे गेला की गाडी ओढू शकते. कास्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला ओढते. तसं असेल तर चाक कधीतरी जोरात खड्ड्यात बसलंय आणि खालचं काहीतरी वाकलंय. ते बदलावं लागेल.

*कराड–चिपळूण दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून येणं-जाणं आहे. नवे टायर १२,००० किलोमीटरला आतून खाल्ले. बाहेरून बघितलं तर नवेकोरे. अलाइनमेंट नियमित केलेलं आहे. कंपनी टायर बदलून देईल का?*
*— एक व्यापारी, कराड*

शेटजी, टायरवाल्यांशी भांडण्यात दम नाही. एकाच कडेला खाल्लेला टायर बघितला की ते तुमच्या गाडीकडे बोट दाखवणार, आणि या बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

हिशेब सांगतो. पुढची दोन चाकं वरून बघितली तर एकमेकांना जवळजवळ समांतर असायला हवीत. पुढच्या बाजूला जवळ आली तर टो-इन, फाकली तर टो-आउट. समजा रिमच्या कडेला मोजून फक्त ३ मिलिमीटरची चूक आहे. तीन मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तेवढं. गणित मांडलं तर प्रत्येक चाकाला दर किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवं फरफटावं लागतं. चिपळूण ते मुंबई अडीचशे किलोमीटर धरा: मुंबई येईपर्यंत तुमचा टायर एक किलोमीटर आडवा घासत गेला. मग १२,००० किलोमीटरला काय उरणार!

तुम्ही म्हणाल, अलाइनमेंट तर केलं होतं. केलं होतं, पण गाडी उभी असताना. तुमच्यासारखीच एक गाडी मागच्या महिन्यात आली. मशीनवर टो बरोबर. मी पोराला सांगितलं, खाली जा आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशला टॉमी लाव. (लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, टॉमी म्हणजे लोखंडी पहार.) टॉमी अडकवून जरा दाबली तर पूर्ण आर्म अंगठ्याएवढा मागे सरकला. बुशचं रबर आतून फाटलेलं, वरून धुळीनं झाकलेलं. असा आर्म गाडी उभी असताना जागेवर बसतो. घाट उतरताना ब्रेक दाबला की चाक मागे रेटलं जातं आणि फाकतं, म्हणजे कुंभार्लीच्या प्रत्येक वळणावर तुमचं अलाइनमेंट बिघडत होतं आणि खाली उतरून सपाटीला लागलात की आपोआप "बरोबर" होत होतं.

म्हणून आधी प्ले, म्हणजे सांध्यांची ढिलाई, बघायची, मग अलाइनमेंट. गाडी उचलून चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा, खटखट लागली तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याची टोकं. १२ आणि ६ वर धरून हलवा, लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश मात्र हातानं कळत नाही, त्याला टॉमीच लागते. हे न बघता जो गाडी थेट मशीनवर चढवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. माझ्याकडे घाई असेल तेव्हा मीही हे टाळलंय, आणि दोनदा गिऱ्हाइकाचे पैसे परत दिलेत.

टायर खातोय की नाही हे कळायला १२,००० किलोमीटर थांबायचं कारण नाही. महिन्यातून एकदा टायरच्या नक्षीवरून तळवा बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडलाय. हे डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळतं.

*आमच्या तरुणपणी उस्ताद लोक दोरी लावून चाकं सरळ करायचे. ते खरंच बरोबर व्हायचं, की तेव्हाचे रस्ते आणि वेगच तसे होते म्हणून खपून जायचं? घरी करून बघावं असं मनात आहे.*
*— आयटीआयमधून निवृत्त निदेशक, रत्नागिरी*

सर, या पत्राला मी दोन पानं देणार आहे, संपादकांनी काय कापायचं ते कापावं.

माझं जुनं मशीन २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं बुडवलं. दुकानात पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत चिखल आणि एक जिवंत खेकडा. पुढचे साडेतीन महिने नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि गावातली प्रत्येक गाडी तर दुरुस्तीला आलेली. तेव्हा उस्तादांनी शिकवलेलं सगळं बाहेर काढलं: खडू, खिळा, गवंड्याचा ओळंबा आणि पोलादी टेप. नवं मशीन आल्यावर त्यातल्या काही गाड्या मुद्दाम बोलावून पुन्हा लावल्या. बहुतेकींचा फरक मिलिमीटरच्या आत होता. दोन फसल्या, त्याचं कारण पुढे येतं.

दोरी मी वापरत नाही. दोरी मागच्या चाकापासून पुढे आणावी लागते, आणि पुष्कळ गाड्यांत मागच्या आणि पुढच्या चाकांमधलं अंतर मुळातच सारखं नसतं. तो फरक वजा करायला विसरलं की सगळं चुकतं. ओळंब्याची रीत साधी आहे.

जागा सपाट हवी. फरशी किंवा सिमेंटचा कोबा चालेल, अंगण नको. चारी टायरांत हवा बरोबर भरा. स्टेअरिंग सरळ. मागच्या चाकांना अडण लावा, पुढचं एक चाक जॅकनं उचला आणि खाली लोखंडी स्टँड ठेवा. इथे एक बजावून सांगतो. आपल्या कोकणात हाताशी जांभ्याचा चिरा असतो, तो गाडीखाली सरकवायची सवय आहे. भिंतीत तो शंभर वर्षं उभा राहील, पण गाडीचा भार एका कोपऱ्यावर आला की बिस्किटासारखा तुटतो. चिरा नको.

आता चाक हातानं फिरवत नक्षीच्या मधोमध खडूचा पट्टा ओढा. एका लाकडी ठोकळ्याला खिळा ठोका, ठोकळा जमिनीवर घट्ट धरा, खिळ्याचं टोक खडूला टेकवा आणि चाक पुन्हा एक पूर्ण फेरा फिरवा. केसाएवढी बारीक रेघ उमटते. टायर थोडा वाकडातिकडा असला तरी ही रेघ खरी असते, कारण ती टायरनं नाही, फिरण्यानं काढलेली आहे. दुसऱ्या चाकालाही तसंच. मग गाडी खाली घ्या, बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडा आणि गाडी हातानं दोन-तीन मीटर पुढे ढकला. मागे ओढू नका; माझ्या त्या दोन गाड्या इथेच फसल्या. पोरानं खुणेवर आणायला म्हणून वीतभर मागे घेतली होती. मागे घेतलं की टायरॉडमधली सगळी ढिलाई उलट्या बाजूला जाते.

आता चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या सगळ्यात पुढच्या बिंदूपाशी त्या रेघेवरून ओळंबा सोडा आणि खाली फरशीवर पेन्सिलनं ठिपका द्या. तसाच मागच्या बिंदूपासून एक. दुसऱ्या चाकाचे दोन. गाडी ढकलून बाजूला करा. फरशीवर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चार ठिपके उरतात. पुढच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा, मागच्या दोन्हींतलं मोजा. पुढचं कमी तर टो-इन, पुढचं जास्त तर टो-आउट, आणि फरक किती तो तुमचा आकडा. बहुतेक छोट्या गाड्यांत, जिथे इंजिन पुढची चाकं फिरवतं, हा आकडा शून्याच्या आसपास हवा असतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या सवलतीनं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलात असतो. तो अंशांत दिलेला असेल तर मिलिमीटर करायला तुम्हाला मी काय सांगणार!

फिरवायचं असेल तर आदल्या रात्री टायरॉडच्या चेकनटवर (टायरॉड जागच्या जागी आवळून धरणारा नट) तेल सोडून ठेवा. चेकनट सैल करा, रॅकच्या रबरी बुटाची क्लिपही सैल करा, नाहीतर बूट पिळला जाऊन फाटतो. दोन्ही बाजूंचे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा. टायरॉड चाकाच्या मागच्या अंगाला जोडलेला असेल, बहुतेकांत असतोच, तर तो लांब केला की टो-इन वाढतो. पाव फेऱ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून हात आखडता ठेवा, आणि एका बाजूला जेवढं फिरवाल तेवढंच दुसऱ्या बाजूला. चेकनट पुन्हा कसून घ्या. पुन्हा पुढे ढकला, पुन्हा मोजा. मला एका गाडीला दीड तास लागायचा.

तेव्हाचं खपून जायचं का, तर नाही, टो बरोबरच व्हायचा. पण ओळंब्याला फक्त पुढची दोन चाकं एकमेकांशी कशी आहेत ते कळतं. मागचा ॲक्सल तिरका असेल आणि गाडी खेकड्यासारखी आडवी चालत असेल तर ते कळत नाही, कॅम्बर-कास्टरही नाही. त्यासाठी मशीनच लागतं. माझ्या नव्या मशीनवर हप्ता चालू आहे, त्यामुळे त्याची एवढी तरी बाजू घ्यायला हवी.

*अलाइनमेंट करून आल्यापासून गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग तिरकं राहतं. तक्रार केली तर "सवय होईल" म्हणाले.*
*— एक नोकरदार, खेड*

सवय करून घेऊ नका. टायरॉड फिरवण्याआधी स्टेअरिंग सरळ धरून लॉक करायचं असतं, ते केलेलं नाही. एका बाजूचा टायरॉड जेवढा लांब, तेवढाच दुसरा आखूड केला की टो तसाच राहतो आणि स्टेअरिंग मध्यावर येतं. दहा मिनिटांचं काम, फुकट करून मागा. स्टेअरिंगच उपटून सरळ बसवून देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत सेन्सरला सरळ कुठे आहे ते माहीत असतं, ते गडबडतं.

*समृद्धीवर नव्वदच्या पुढे गेलं की स्टेअरिंग हाताला मारतं. शंभरच्या पुढे पुन्हा शांत. अलाइनमेंट करू?*
*— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

हे अलाइनमेंट नाही, बॅलन्सिंग आहे, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. ओढणं म्हणजे अलाइनमेंट, थरथरणं म्हणजे बॅलन्सिंग. एखादं शिशाचं वजन गळून पडलंय का ते रिमच्या कडेला बघा, तिथे स्वच्छ चौकोनी डाग दिसेल. आणि सिमेंटच्या रस्त्यावर त्या वेगानं जाताय तर टायर किती जुने आहेत तेही बघा. अंगावर चार आकडे एका लंबगोलात असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

*अलाइनमेंटचे वेगळे आणि "कॅम्बर करेक्शन"चे प्रत्येक चाकामागे वेगळे पैसे मागतात. माझी साधी हॅचबॅक आहे. द्यावेत का?*
*— एक वाचक, पेडणे, गोवा*

भाऊ, समोर उभं राहून बघा ते काय करतात. तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, असतो आणि कंपनीनं फक्त टो फिरवायची सोय दिलेली असते. कॅम्बर फिरवायला खिट्टीच नाही. स्ट्रट जिथे खाली जोडला जातो ते दोन बोल्ट सैल करून, भोकात जेवढी सूट असेल तेवढं चाक ढकलून पुन्हा कसणं, हे एक प्रामाणिक काम आहे आणि त्याचे पैसे द्यावेत. पण काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक आडवा लावून स्ट्रटच वाकवतात. आकडा हिरवा होतो, शॉकॲब्सॉर्बरचा दांडा आत घासायला लागतो आणि दोन-तीन महिन्यांत तेल गळतं. जॅक आडवा येताना दिसला की चावी मागून घ्या. बोलेरोसारख्या गाड्यांचं वेगळं, तिथे आर्मखाली शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून कॅम्बर लावतात, ती सरळ रीत आहे.

*मी सातवीत आहे. आजोबांच्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढची दोन चाकं वेगवेगळी वळलेली दिसतात. आतलं जास्त, बाहेरचं कमी. अलाइनमेंट बिघडलंय का? डाव्या चाकाला आतल्या बाजूनं एक चमकणारी तार पण आहे, ती कशासाठी असते? आजोबांचा नंबर खाली दिला आहे.*
*— एक विद्यार्थी, गुहागर*

बाळा, एवढं बारकाईनं माझी पोरंही बघत नाहीत. चाकं वेगवेगळी वळणं बिघाड नाही, मुद्दाम केलेलं आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखी वळली तर एक घासत जाईल. कंपासनं एका मध्याभोवती दोन वर्तुळं काढून बघ, लगेच कळेल. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं ती काढली आणि १८१८ मध्ये अकरमान नावाच्या माणसानं इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं, म्हणून नाव अकरमानचं लागलं. तेव्हा ती घोडागाडीसाठी होती.

ती चमकणारी तार मात्र कशासाठीही नसते. ती टायरच्या पोटातली तार आहे, वरचं रबर संपलं की बाहेर येते. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आजोबांना फोन केला आणि स्टेपनी लावल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका म्हणून सांगितलं. परवा ते स्टेपनी लावून सावकाश घेऊन आले. डाव्या टायरॉड एंडला एवढा प्ले होता की चाक हातानं वाजत होतं. पार्ट रत्नागिरीहून येतोय, गाडी शनिवारी मिळेल.